बैठककाकांचं सुतक

भांडलेलं जोडपं आलं की बैठककाका दोघांना एकाच बाकावर बसवायचे आणि विचारायचे, "आज रांधलं कोनी? जेवलं कोन?" समुद्रापारच्या आमच्या बेटावर, सें पिएर गावातल्या आम्हा मराठी माणसांची निम्मी भांडणं तिथेच थंड व्हायची. काका संध्याकाळी बैठकेत, म्हणजे आमच्या समाजाच्या सभागृहात, मुलांना मराठी शिकवत, गणपतीची पूजा सांगत. पण लोक जात ते संसारातला सल्ला मागायला. आणि काका तर बिनलग्नाचे!

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी रुसून माहेरी निघाले, तेव्हा सासूबाईंनीच आम्हा दोघांना त्यांच्याकडे नेलं. काका आमच्या ह्यांना म्हणाले, "चार मानसांत बायकोला आपली म्हन. घरात काय, कोन पन म्हनतो." मी माहेरी गेले नाही.

काकांच्या घरी रोलाँ नावाचा क्रिओल, म्हणजे इथल्या आफ्रिकी वंशाच्या ख्रिस्ती लोकांतला, गवंडी वर्षानुवर्षं राहायचा. स्वयंपाक तोच करी. गाव त्याला भाडेकरू म्हणे. आमच्या लोकांना ही सवयच. डोळ्यांना दिसतं त्याला सोयीचं नाव द्यायचं.

ऐंशी सालच्या सुमारास, आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात चालणाऱ्या ऊसतोडणीच्या दिवसांत, रोलाँ वारला. चर्चच्या दफनभूमीत त्याला माती दिली आणि चारच दिवसांनी गणेशचतुर्थी आली. मूर्ती मांडली, ताट तयार झालं, पण काका बैठकेच्या दाराबाहेरच उभे.

"काका, आत या ना, उशीर होतो," बैठकेच्या अध्यक्षांनी हाक मारली. हे अध्यक्ष जवळच्या फिनिक्स गावी सरकारी कचेरीत मोठे साहेब होते.

"मना सुतक हाय."

"आयो! कोनाचं?"

"रोलाँचं. माझ्या घरचा मानूस गेला."

काका गप्प राहून पूजेला बसले असते, तर त्यांना कुणी काही विचारलं नसतं.

विसर्जनानंतर सभा भरली. असल्या माणसाने आमच्या लेकीसुनांना संसार शिकवायचा का, असं अध्यक्षांनी विचारलं. आमचे हे उठले. मला त्यांचा फार अभिमान वाटला. "ते कोनासंगं राहिले त्याचा त्यांच्या अकलेशी काय संबंध?"

काकांनीच नकारार्थी मान हलवली. "संबंध हाय, बाबा. माझा राग त्यानं सोसला, त्याची दारू मी सोसली. तुमाला जे सांगितलं ते सगळं त्या घरात शिकलो. त्याला वगळलात तर माझ्याकडं शानपन न्हाय."

ते उठून गेले. बैठकेची पायरी पुन्हा चढले नाहीत.

काही वर्षांनी काका गेले, आणि त्याच बैठकेत त्यांच्या फोटोला हार घातला गेला. अध्यक्ष सद्गदित होऊन म्हणाले, "आजन्म ब्रह्मचारी राहून काकांनी मराठीची सेवा केली." माना डोलल्या. आमच्या ह्यांचीसुद्धा. त्यांच्या लेखी काका मोठे होते, बाकीचं कशाला काढायचं?

सभेत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी उभी राहिले.

"काका ब्रह्मचारी नव्हते. त्यांचा संसार होता. त्यांच्या घरच्या मानसाचं नाव रोलाँ."

अध्यक्षांनी घसा खाकरून पुढच्या वक्त्याला बोलावलं. मी खाली बसले नाही.