अकरा उजवे, एक डावा

पाय धुण्याच्या कार्यक्रमाला येताना पाय धुवून या, असं मला सोमवारी सकाळी गेटवर सांगण्यात आलं. यावर हसावं की थुंकावं, हे माझं अजून ठरलेलं नाही.

मी चौथी पास. पलटणीत बावीस वर्षं काढली, पेन्शन घेतली आणि मुलाची नोकरी इथे म्हणून दिल्लीतच राहिलो. द्वारकेच्या एका सेक्टरात कॅथलिक लोकांची प्राथमिक शाळा आहे, पाचवीपर्यंतची. तिच्या गेटवर मी अकरा वर्षं उभा आहे. उभा म्हणजे उभाच. खुर्ची दिलेली आहे, तिच्यावर मी माझा डबा ठेवतो.

पाय धुण्याचं काय ते आधी सांगतो. येशूने मरणाच्या आदल्या दिवशी आपल्या बारा शिष्यांचे पाय स्वतःच्या हाताने धुतले, असं हे लोक मानतात. म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी फादर बारा माणसांना खुर्चीवर बसवतात, स्वतः खाली बसून त्यांचे पाय धुतात, पुसतात आणि पायाचं चुंबन घेतात. मोठ्याने लहानापुढे वाकायचं, असा त्याचा अर्थ. मला हे पहिल्यापासून पटलेलं होतं. आपल्याकडे लग्नात जावयाचे पाय धुतात, मग तो कितीही टुकार असो. त्यापेक्षा हे बरं.

जुने फादर होते तेव्हा हे काम शाळेच्या छोट्या चॅपलमध्ये गुपचूप व्हायचं. ते बदलून गेले. आता नवे फादर आले आहेत, तरुण, गोरेपान, केस मागे वळवलेले. यंदा कार्यक्रम पटांगणात, स्टेजवर, सहाशे मुलांसमोर आणि व्हिडिओसकट. बारा जणांत माझं नाव होतं. कार्यक्रम ज्यांच्याकडे होता त्या मॅडम मला म्हणाल्या, "अंकल, आप सिक्योरिटी की तरफ़ से हैं. पैर ज़रा साफ़ करके आइएगा, फोटो में आएगा."

तेवढ्यात गेटवर झुंबड उडाली. शाळेच्या नव्या वर्षाचा पहिला आठवडा, इकडे ते एप्रिलमध्ये सुरू होतं. नर्सरीची पोरं गळा काढून रडत होती. आडव्या लावलेल्या गाड्या, पिशवीभर पुस्तकं, उकाडा, धूळ. एका बाईंनी पोराला आत ढकललं आणि ते रडताना नीट दिसत नाही म्हणून परत बाहेर बोलावलं, मोबाइल तिरका धरला आणि मग पुन्हा ढकललं. एका साहेबांनी गेटसमोर गाडी उभी केली. हटवा म्हटलं तर मला म्हणाले, "भैया, दो मिनट." मी त्यांच्या बापाच्या वयाचा. आणि मधली सुट्टी झाल्यावर कचऱ्याच्या डब्यात डोकावून पाहावं. अख्खे पराठे, तोंडसुद्धा न लावलेलं सफरचंद. प्रार्थनेत रोज अन्नाबद्दल देवाचे आभार मानतात. वीट येतो बघून.

त्याच गर्दीत नर्सरीतल्या एका पोरीने घाबरून चड्डीत घाण केली आणि येऊन माझ्या पायाला मिठी मारली. माझी इस्त्रीची पॅन्ट! मी तिला बखोटीला धरून हातभर लांब केलं आणि ओरडलो, "आया! आया को बुलाओ!"

आमची आया झारखंडची. कॅथलिक आहे, पन्नाशीची आहे, आणि तोंडाने फटकळ. ती पळत आली, पोरीला कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, "बाबा, बच्ची है, बम नहीं है." पोरीला घेऊन ती नळावर गेली. मी रुमाल ओला करून पॅन्ट पुसत बसलो.

मंगळवारी रंगीत तालीम. स्टेजवर बारा खुर्च्या. बसचे तीन ड्रायव्हर, कॅन्टीनवाला, माळी, तबल्याचे सर, मुलांचे काही वडील आणि मी. फादर नव्हते, त्यांच्या जागी मॅडम रिकामी परात घेऊन फिरत होत्या. त्या म्हणाल्या, "जूते उतारिए." मी दोन्ही बूट काढले. पलटणीत पायांची तपासणी व्हायची तेव्हा दोन्ही पाय दाखवायचे असत, ती सवय. मॅडमची नजर माझ्या डाव्या पायावर गेली आणि त्यांचं तोंड आंबट दही चाखल्यासारखं झालं.

"अंकल, सिर्फ़ राइट. ये वाला अंदर ही रखिए, प्लीज़. बच्चे डर जाएँगे."

माझ्या डाव्या पायाची शेवटची दोन बोटं नाहीत. उरलेली तीन वाकडी आणि काळपट आहेत. टाचेला भेगा, बेचक्यांत चिखल्या. दिसायला घाणच आहे तो, मी कुठे नाही म्हणतो! बर्फातल्या चौकीवर पाय गारठला. तिथे प्रत्येकाला एक जोडीदार असायचा, एकाने दुसऱ्याचे पाय बघायचे. माझा जोडीदार नगरकडचा होता. त्याने स्वतःचे कपडे उघडले, माझा पाय आपल्या उघड्या पोटाला लावला आणि वरून सगळं बंद करून घेतलं. आठ-आठ दिवस बुटांत कोंडलेला पाय तो. "काय वास मारतोय रे तुझा पाय," तो नाक आक्रसून म्हणायचा, "मेलेली घूस बरी!" आणि पाय आणखी घट्ट धरायचा. मी काढून घ्यायला लागलो की शिवी द्यायचा. दोन बोटं गेली. तीन त्याने वाचवली. त्यानंतर त्या पायाला बायकोशिवाय कुणी हात लावलेला नाही, आणि आता बायकोलाही मी लावू देत नाही.

तो पाय मॅडम म्हणतात आत ठेवा.

बुधवारी तर कमाल झाली. एका मुलाच्या आईचं ब्युटी पार्लर आहे. तिने दोन मुली पाठवल्या आणि शाळेच्या मेडिकल रूममध्ये बारा माणसांचे पाय घासायचा कारखाना सुरू झाला. टबात गुलाबाच्या पाकळ्या. दगडाने टाचा घासायच्या, नखं कापायची, वर क्रीम चोळायचं. परमेश्वरासाठी उद्या धुवायचे पाय आज पार्लरवाली धुणार! आमचा एक ड्रायव्हर हरियाणाचा आहे. तो बाहेर आला तो एकेक पाऊल जपून टाकत, नव्या नवरीसारखा.

"ताऊ, देख! मक्खन!" पाय वर करून तो मला दाखवायला लागला. "मेरे तो ब्याह में भी ऐसे पाँव ना थे. तू भी करवा ले, घर में ताई भी ना पहचानेगी." ताई म्हणजे माझी बायको.

"तू ही करवा," मी म्हटलं.

मॅडम मला बोलवायला स्वतः गेटवर आल्या. मी म्हटलं, "मैडम, धुले हुए पैर ही धोने हैं, तो मेरा क्या काम?"

त्या हसल्या. फार गोड हसतात. "अंकल, ज़िद मत कीजिए. आपका कॉन्ट्रैक्ट भी इसी महीने रिन्यू होना है ना? उम्र का भी देखना पड़ता है."

एवढं बोलून त्या गेल्या. माझी नोकरी त्यांनी पार्लरच्या टबात बुडवून दाखवली आणि त्यावर पाकळ्याही टाकल्या. मी तिथेच ठरवलं. उद्या पाय पुढे करीन तर डावा. धुवायचाच असेल तर जो धुवायला हवा तो धुवा. नाही तर सरळ सांगा की हे नाटक आहे, मी खाली बसून टाळ्या वाजवीन.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, उजवा तर उजवा. पाय पुढे करायचाय का पंचाईत करायचीय?"

"डावा."

"नोकरी गेली तर दिवसभर माझ्या डोक्यावर बसाल."

"बसेन."

"मग निदान साबण तरी लावा त्याला."

"नाही लावणार."

तिने निवडलेल्या भाजीतली एक काडी माझ्याकडे फेकली आणि उठून गेली.

गुरुवारी मी नेहमीसारखा साडेपाचला बूट घालून निघालो. साडेनऊला कार्यक्रम. तोवर तीन तास गेटवर उभा राहिलो होतो, ऊन चढलं होतं, पाय बुटात शिजला होता. सहाशे मुलं रांगेत बसली. पेटी वाजायला लागली. आम्ही बारा जण खुर्च्यांवर. माझ्या डाव्या-उजव्या बाजूंनी गुलाबाचा वास येत होता.

फादर पांढरा झगा घालून, कमरेला टॉवेल बांधून आले. मागे शाळेचे मोठे सर परात आणि तांब्या घेऊन. एकेकापुढे फादर गुडघे टेकायचे, उजव्या पायावर पाण्याची धार, टॉवेलने टिपणं, ओठ टेकवणं, पुढचा. धार म्हणजे किती? देवाला तुळशीवरून सोडतात तेवढी. अकरा पाय धुऊन झाले तरी परातीतलं पाणी पिण्यासारखं स्वच्छ.

मी शेवटचा. फादर गुडघे टेकून बसले, तेव्हा मी डाव्या पायाचा बूट काढला, मोजा काढला, पँट वर सरकवली आणि पाय परातीत ठेवला.

वास सुटला. माझा मलाच आला. पुढच्या रांगेतून आवाज आला, "ईईई!" आणि मग तो आवाज मागपर्यंत गेला. मोठे सर परातीकडे बघायचं सोडून आकाशाकडे बघायला लागले.

फादर अगदी हळू आवाजात म्हणाले, "दूसरा. दूसरा वाला."

"यही है, फादर," मी म्हटलं.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. चांगला मुलगा असेल तो, मला माहीत नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याने तांब्या उचलला, लांबूनच पाणी ओतलं. टॉवेलचं टोक बोटांच्या चिमटीत धरून टाचेला लावलं. जिथे बोटं नाहीत तिथे टॉवेल गेलाच नाही, जणू तिथे माझा पाय संपत होता. मग तो वाकला. खूप वाकला. माझ्या पायापासून हातभर अंतरावर त्याचं डोकं थांबलं, तिथेच क्षणभर राहिलं आणि वर आलं. टाळ्या पडल्या. परातीतलं पाणी तेवढं गढूळ झालं.

मी ओल्या, घाणेरड्या पायावर मोजा चढवला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कॉन्ट्रॅक्टचं मला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा कळेल.

शाळा सुटायच्या आधी हरियाणवी ड्रायव्हर मोबाइल नाचवत गेटवर आला. "ताऊ, तू तो हीरो हो गया!" शाळेच्या पेजवर फोटो टाकले होते. अकरा मक्खन पायांतला एकही नव्हता, माझाच एकट्याचा मोठा करून लावला होता. मागच्या बाजूने काढलेला. फादरचं वाकलेलं डोकं आणि माझा काळा पाय, दोन्ही असे जुळून आले होते की ओठ टेकलेच आहेत असं वाटावं. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. केवढी नम्रता, केवढं प्रेम. मंगळवारी लपवायला सांगितलेला पाय आज त्यांच्या कामाला आला.

मला शिसारी आली. मोबाइल मी त्याच्या हातात परत कोंबला. हातभर अंतर होतं, हे त्या स्टेजवर दोघांनाच माहीत होतं. हातभर. मी नकळत माझा हात लांब करून ते अंतर मापून बघितलं, आणि तसाच थांबलो. सोमवारी याच जागेवर, याच हाताने, मी त्या पोरीला एवढ्याच अंतरावर धरलं होतं. फादरने निदान तोंड बंद ठेवलं होतं. मी ओरडलो होतो.

तेवढ्यात आतून आया आली. कडेवर तीच नर्सरीची पोर, तिची पुन्हा तीच गत. दुसऱ्या हाताने आया बादली ओढत होती.

"बाबा, इसको पकड़ो. बस में किसी ने उलटी कर दी है, मैं उधर जाती हूँ."

"मैं? मैं गेट पे हूँ."

"गेट भाग जाएगा क्या?" तिने माझ्या बुटाकडे पाहिलं. "क्या हुआ, फादर ने आधा ही धोया?" आणि पोरीला माझ्या हातात कोंबून ती निघून गेली.

ड्रायव्हरला गेटवर उभं केलं आणि मी पोरीला नळावर नेलं. किळस आली. खोटं कशाला लिहू. गेली नाही ती किळस, शेवटपर्यंत गेली नाही. पोर रडत होती आणि लाथा झाडत होती, एक लाथ माझ्या हनुवटीला बसली. मी तिला गुडघ्यावर घट्ट धरलं, नळ सोडला आणि हाताने धुवायला लागलो. मला ते नीट जमत नव्हतं. अर्धं पाणी माझ्या अंगावर, बुटात.

"काय घाण वास मारतेस गं," मी मराठीत म्हटलं. "मेलेली घूस बरी."

तिला एक अक्षर कळलं नाही. पण ती रडायची थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पँटचा खिसा चाचपला, रुमाल काढला आणि तिचे पाय पुसायला घेतले, बोटांच्या बेचक्यांसकट.