कोकणातून परत आलेली लेन्स

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा तिला लेन्स आणि लेन्सचं झाकण यातला फरकही माहीत नव्हता. मैंदर्गीची मुलगी, बारावीपर्यंत शिकलेली, घरात कन्नड आणि बाहेर मराठी. माझा दीर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. तो सकाळी बाइकवरून गेला की ही दिवसभर सासूबाईंच्या मागे मागे. मला तेव्हा तिचं काहीच वाटायचं नाही. चपात्या पातळ करते, एवढंच माझं तिच्याबद्दलचं मत होतं.

आमचा धंदा जुन्या कॅमेऱ्यांचा. माझ्या नवऱ्याचा आधी फोटो स्टुडिओ होता. लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली, स्टुडिओ बंद पडला, आणि तो बंद करता करताच ह्यांच्या लक्षात आलं की आपल्यासारखे आणखी कितीतरी जण दुकान आवरतायत. मग हे त्यांचे कॅमेरे, लेन्सा, फ्लॅश विकत घ्यायला लागले. साफसूफ करून, तपासून आम्ही ते ऑनलाइन विकायला लागलो. सोलापूरची हवा कोरडी. दमट गावातल्या लेन्सांत आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आमच्याकडच्या लेन्सा काचेसारख्या स्वच्छ. ही गोष्ट जाहिरातीत लिहायची कल्पना माझीच होती.

लिहायचं, बोलायचं, भांडायचं ते सगळं मीच बघायची. मी बी.कॉम. आहे, इंग्रजी बरं आहे, आणि नियम मला पाठ असायचे. जुनी वस्तू विकताना तक्रारी येणारच. 'फोटोत दिसला तसा नाही.' 'बॅटरी टिकत नाही.' 'बायकोला आवडला नाही, पैसे परत द्या.' मी प्रत्येकाला मुद्देसूद उत्तर द्यायची. वस्तूवरचा नंबर, पाठवण्याआधीचे फोटो, आणि पॅकिंग करतानाचा पूर्ण व्हिडीओ. नंबर जवळून दाखवायचा, मग फुग्याचा कागद, मग खोकं, मग चिकटपट्टी, एकदाही कॅमेरा न थांबवता. वेबसाइटवर वाद गेला की बहुतेक वेळा निकाल माझ्या बाजूने लागायचा. मी जिंकल्यावर तो माणूस खाली पाचपैकी एकच चांदणी देऊन जायचा, ते वेगळं.

एकदा मी कुकर लावत होते आणि विजयपूरच्या एका फोटोग्राफरचा फोन आला. आमच्याकडून नेलेला कॅमेरा फोटोच काढत नाही, पैसे परत पाहिजेत. रागाने तो भराभर कन्नडमध्ये बोलत होता. मला कन्नड कळतं, पण भांडण्याइतकं येत नाही. हे म्हणाले, "तिला दे फोन."

धाकट्या जावेने पदराला हात पुसले आणि फोन घेतला. पहिलंच वाक्य, "ऊटा आत्री?" म्हणजे, जेवण झालं का? मला हसू आलं. माणूस पैसे मागतोय आणि ही जेवण विचारतेय. पण पलीकडचा आवाज खाली आला. मग ती विचारत गेली. कधी बंद पडला, त्याच्या आधी काय केलं होतं, काय काय काढलं होतं. मधेच तिने ह्यांना विचारलं, "दादा, कार्डाच्या कडंला बारकी खिट्टी आसती का?" असते. ती खाली सरकली की कार्ड बंद, फोटो निघत नाही. त्या माणसाने कार्ड दुसऱ्या यंत्रात घालून काढलं होतं, तेव्हा ती सरकली होती. वीस मिनिटांत तक्रार मागे. वर पाच चांदण्या, आणि खाली लिहिलेलं : 'ताईंनी फार चांगलं समजावून सांगितलं.'

ती ताई मी नव्हते.

मी तिचं कौतुक केलं. खरंच केलं. पण मग कलबुर्गीचे, इंडीचे, अफझलपूरचे फोन तिच्याकडेच जायला लागले. नंतर मराठी फोनसुद्धा. मी उचलला की लोक विचारायचे, "त्या दुसऱ्या ताई नाहीत का?" मी रोज सकाळी चहा घेताना लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायची. आधी धंद्यासाठी वाचायची, मग कुठे कुठे तिचा उल्लेख आहे ते बघायला वाचायची. एकाने तर लिहिलं होतं की आधीच्या बाईंशी बोलून डोकं फिरलं होतं, नंतरच्यांनी सांभाळून घेतलं.

मी ह्यांना म्हटलं, "नियमाने बघितलं तर मी त्याला जे सांगितलं ते बरोबरच होतं."

"बरोबरच असतं गं तुझं," हे लेन्स पुसत म्हणाले. "पण समोरचा आणखीच चिडतो."

घरातही तेच. सासूबाई आणि ती स्वयंपाकघरात कन्नडमध्ये बोलत बसायच्या. मी आत गेले की दोघी हसत असायच्या. "काय झालं?" विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "काही नाही गं, असंच." दहा वर्षांत मला त्यांनी एकदाही अशी हसताना जवळ बसवलं नव्हतं. कदाचित मीच बसले नव्हते. पण तेव्हा मला असं वाटत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, ही आली आणि माझी जागा हळूहळू खात चाललीय, तीही गोड बोलून.

त्या वर्षी येळ अमावस्येला, शेतातल्या पूजेसाठी, ती माहेरी गेली होती. त्याच दिवशी मी कोकणातल्या एका स्टुडिओसाठी लेन्स बांधली. व्हिडीओ काढला, नंबर दाखवला, पार्सल गेलं. आठवड्याने तक्रार आली की लेन्समध्ये बुरशी आहे. मी उत्तर लिहायला बसले होते, तोवर तिने त्या माणसाला फोन लावलाही होता. त्याच्या आईने उचलला. तिच्याशी गुडघेदुखीवर बोलून झालं, मग मुलाशी. आणि फोन ठेवून ती मला म्हणाली, "अक्का, म्या सांगितलं पाठवा म्हणून. खोटं बोलणारा न्हाय वाटला."

"मला विचारायचं तरी."

"तुमी लिवत होता की."

लेन्स परत आली. हे ती घेऊन खिडकीपाशी गेले आणि मागून टॉर्च मारला. आत पांढरी जाळी, कडेपासून मधोमधपर्यंत. हे बराच वेळ बघत राहिले.

"ही आपली नव्हेच," हे म्हणाले. "इतकी बुरशी आठवड्यात धरत नाही. त्याने स्वतःची जुनी पाठवलीय. व्हिडीओत नंबर असेल, तो टाकला की झालं."

पुरावा द्यायला वेबसाइटने दोन दिवसांची मुदत दिली होती. नाही दिला तर पैसे आपोआप त्याच्याकडे परत जाणार होते.

हे तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "म्या तवा मैंदर्गीला. अक्कांनी काढला आसंल."

मी म्हणाले, "बघते. फोन भरला होता म्हणून मागचे काही उडवले होते बहुतेक."

असं मी का म्हणाले ते मला तेव्हाही नीट माहीत होतं. पैसे गेले की बोल तिलाच लागणार होता. आंघोळीला जाते म्हणून फोन घेऊन मी आत गेले आणि व्हिडीओ उघडला. लेन्सचा नंबर अगदी स्पष्ट होता, परत आलेल्या लेन्सच्या नंबरपेक्षा शेवटचे दोन आकडे वेगळे. मी तो पूर्ण बघितला. माझेच हात, माझ्याच बांगड्या, नीट बांधलेलं खोकं. मग फोन बंद करून मी बादलीत पाणी सोडलं.

दोन दिवस मी शोधल्यासारखं केलं. मुदत संपली, पैसे गेले. बुरशीची लेन्स आमच्या टेबलावर राहिली.

माझा नवरा घरात कुणाला आवाज चढवून बोलत नाही. त्या दिवशी हे तिला बोलले. "विचारल्याशिवाय परत मागवायला कुणी सांगितलं तुला? लोकांच्या आयांच्या गुडघ्यांची चौकशी करायला बसलोय का आपण?"

तिचे कान लाल झाले होते. हातातलं शेंगदाण्याचं कूट तिने ताटात ओतलं, हात धुतले आणि वर तिच्या खोलीत गेली. सासूबाई तिच्या मागून गेल्या. मी त्या दुपारी चांगली जेवले. दोन भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. हे लिहिताना लाज वाटते, पण जेवण गोड लागलं होतं.

त्यानंतर तिने फोन घेणंच सोडलं. कुणी तिच्याशी बोलायचं म्हटलं तरी सासूबाईच सांगायच्या, ती कामात आहे. सगळं पुन्हा माझ्याकडे आलं, मला हवं होतं तसं. मी मुद्दे लिहायची, फोटो जोडायची, निकाल जिंकायची. विजयपूरचा तो फोटोग्राफर दुसऱ्या वस्तूसाठी फोनवर आला आणि माझ्याशी दोन वाक्यं बोलून, "नंतर करतो," म्हणाला. त्याने परत फोन केला नाही.

तीन आठवड्यांनी कोकणातून फोन आला. फोन टेबलावर होता, हे समोर बसले होते, आवाज मोठा केलेला.

"मैंदर्गीच्या ताई आहेत का?"

मी म्हणाले, "मी थोरली जाऊ बोलतेय. सांगा."

तो माणूस आधी माफीच मागायला लागला. त्याच्याकडे अगदी तशीच एक जुनी लेन्स होती. त्याच्या भावाने दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या आणि तपासायला जुनी हातात घेतली. बुरशी दिसली म्हणून तक्रार केली, आणि तीच आम्हाला परत पाठवली. परवा एका साखरपुड्याला गेला, फोटो इतके स्वच्छ आले की त्याने लेन्स उलटी करून नंबर बघितला.

"तुमची लेन्स माझ्याकडेच आहे. मी ती ठेवतो, पैसे आजच पाठवतो," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का? नुसतं कोरडं उत्तर आलं असतं ना, तर मी गप्प बसलो असतो. पण त्या ताई आईशी इतक्या चांगल्या बोलल्या. आई रोज विचारते, त्यांचे पैसे दिलेस का."

हे उठले आणि जिन्यातून वर बघत तिला हाक मारली. ती खाली आल्यावर म्हणाले, "तू म्हणत होतीस तेच खरं. तो माणूस खोटा नव्हता. मी उगाच बोललो तुला."

ती म्हणाली, "आसू दे दादा."

आणि मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं नाही वाटलं. मला वाटलं, हेही तिलाच मिळालं. मी व्हिडीओ दिला असता तर तो माणूस चोर ठरला असता, मी जिंकले असते आणि तिची फजिती झाली असती. मी नाही दिला, तरी ती हरली नाही. चार दिवसांनी तिच्या नावाने आमसुलांचं पार्सल आलं तेव्हा मी ते उघडलंसुद्धा नाही, तसंच तिच्या दारात ठेवलं.

पण केलेलं गिळूनही होईना. एका सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी वर गेले, एक चादर उचलून दुसरं टोक धरलं आणि म्हणाले, "त्या लेन्सचा व्हिडीओ होता माझ्याकडे. मी उडवला नव्हता."

"ठावं हाय की," ती म्हणाली. चादर झटकत होती.

"कसं काय?"

"तुमी कुटला व्हिडीओ उडवताय, अक्का? माझ्या लग्नात मी उंबऱ्याला अडखळले त्यो बी हाय तुमच्याकडं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

तिने चिमटा लावला. "बोलून काय झालं आसतं? तुमी रडला आसता, अन् मीच वाईट ठरले आसते. थोरल्या हाय तुमी." मग म्हणाली, "पर म्या इसरणार न्हाय हां. सांगून ठेवते."

मी माफ कर म्हणाले. तिने व्हय म्हटलं नाही आणि न्हायबी म्हटलं नाही. उरलेले कपडे आम्ही दोघींनी मिळून वाळत घातले. त्याच आठवड्यात मी ह्यांना सांगितलं. दोन दिवस हे माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात दिराने कारखान्याजवळ दोन खोल्या घेतल्या, रोजचं जाणं-येणं वाचावं म्हणून. सगळ्यांना तेच कारण सांगितलं. तिथून तिने स्वतःच्या नावाने विक्री सुरू केली. वस्तू ह्यांच्याकडूनच नेते. कन्नड मुलखातलं बहुतेक गिऱ्हाईक तिच्याकडे गेलं. सासूबाई महिन्यातले पंधरा दिवस तिकडे असतात.

मीही आता तक्रार आली की आधी फोन करते, मग लिहिते. लिहिण्याआधी समोरच्याचं सगळं ऐकून घेते. ते मला तिच्याइतकं जमत नाही. जेवण झालं का असं एकदा विचारून बघितलं, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "ते सोडा हो, पैशांचं बोला."

मागच्या महिन्यात धारवाडकडच्या एका बाईंची तक्रार अडकली होती. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. मी दोन दिवस काढले आणि शेवटी जावेला फोन लावला. तिने काय झालं ते ऐकून घेतलं, नंबर मागितला. अर्ध्या तासाने तिचा फोन आला.

"झालं अक्का. फ्लॅशचे सेल उलटे घातले होते त्यांनी. काढतील तक्रार."

"बरं झालं गं. जेवायला ये रविवारी."

"बघते की," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी पाच चांदण्या दिल्या, आमच्या खात्यावर. खाली कन्नडमध्ये चार ओळी होत्या. मी त्या सासूबाईंना वाचायला दिल्या नाहीत, फोनमध्येच भाषांतर करून बघितलं. अक्कलकोटच्या त्या ताईंचे आभार, असं लिहिलं होतं. अक्कलकोट चूक होतं. मैंदर्गी पाहिजे होतं. ते त्या बाईंना कळवावं का, याचा मी चहा संपेपर्यंत विचार केला, आणि कळवलं नाही.