वाऱ्याची पिशवी

माझ्या धाकट्या भावाने उडती तबकडी पाहिली, आणि ती त्याने पाहिलीच नाही असं सरकारदरबारी जवळजवळ सिद्ध करून दाखवलं ते मी. नातवंडांना ही हकिगत मी ऐटीत सांगते. तबकडीचं ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात, माझं ऐकून ती हसतात, आणि परत सांगायला लावतात ती माझ्यासाठीच.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. गिरण्यांचा संप सुरू होऊन सात-आठ महिने झाले होते. बाबा साचेखात्यातले, म्हणजे कापड विणणारे, तीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढल्यामुळे कानाने अधू. संपात ते गॅलरीत बाकड्यावर बसून राहायचे. मी टायपिंगची परीक्षा पास झालेली, आणि सगळ्या चाळीचे अर्ज लिहायचे. शाळेच्या फीची माफी, रेशनकार्डावरचं नाव, मिलने पाठवलेल्या चार्जशीटला उत्तर, काय म्हणाल ते. माझं अक्षर टपोरं होतं, आणि माझा स्वतःविषयीचा समज त्याहून टपोरा. कोणी म्हणालं, "वकील व्हायचीस तू," की मी लाजायचे नाही, मान डोलवायचे.

धाकटा हवाई दलात होता. घाटावरच्या एका तळावर, कंट्रोल टॉवरमध्ये मदतनीस. टॉवरची ड्युटी म्हणजे त्याचा जीव की प्राण. पत्रात आईला "तब्येत सांभाळ" एवढंच लिहायचा आणि उरलेलं पानभर टॉवर. त्या वर्षी गणपतीला रजा घेऊन आला तो एकटा नव्हता. बरोबर तळावरचा एक पहारेकरी होता, चिपळूणकडचा, आपल्या गावच्या एसटीसाठी दोन दिवस आमच्याकडे थांबणारा. दोघांचे चेहरे बघूनच आईने विचारलं, "काय रे, मारामारी करून आलात?"

"नाही गं. काहीतरी बघितलं आम्ही."

मग त्याने सांगितलं. बाहेर बोलायचं नाही, असं आधी तीनदा बजावून, दार उघडं ठेवून. बाबांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने. संध्याकाळपर्यंत चाळीत कोणाला माहीत नव्हतं असं घर उरलं नाही.

झालं होतं असं. दिवेलागणीची वेळ. दिवसभराचा पाऊस थांबलेला, वारा मात्र जोरात. उतरायचं एकही विमान नाही. आणि धावपट्टीच्या टोकाला, टेकडीच्या वर, एक गोळा येऊन थांबला. आवाज नाही. धाकट्याने तो टॉवरच्या काचेतून पाहिला, पहारेकऱ्याने कुंपणाशी उभं राहून. तिसरा साक्षीदार अग्निशमन गाडीवरचा पंजाबी सार्जंट, तो गाडीच्या टपावर चढून पाहत होता. साहेबांनी तिघांनाही लेखी जबाब द्यायला सांगितला होता. या दोघांनी रजेवरून परतताना आणायचा. नीट जबाब नसेल तर धाकट्याची डोळ्यांची आणि डोक्याची तपासणी होणार होती, आणि तपासणीला पाठवलेल्या माणसाला टॉवरमध्ये परत घेतल्याचं त्याने तरी ऐकलं नव्हतं.

"रंग कसा होता?" मी वही काढून विचारलं.

"नारिंगी. कंदिलाच्या काचेवर काजळी धरली की दिसतो तसा."

"नारिंगी कुठला रे," पहारेकरी म्हणाला. "चुन्यासारखा पांढरा. तू काचेतून बघत होतास."

"किती वेळ?"

"सहा-सात मिनिटं," धाकटा.

"एक विडी ओढून व्हावी एवढा," पहारेकरी म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन गप्प बसला. कुंपणावर विडी ओढायला बंदी होती.

"आणि ताई, ती पिशवी," धाकटा म्हणाला.

धावपट्टीच्या कडेला खांबावर एक लांब कापडी पिशवी लावलेली असते, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन्हीकडून उघडी. वारा कुठून येतो ते वैमानिकाला तिच्यावरून कळतं. त्या दिवशी वारा पश्चिमेचा, त्यामुळे पिशवी पूर्वेला फडफडत होती. गोळा येऊन थांबला तशी तिची फडफड थांबली. मग ती वाऱ्याच्या उलटी, गोळ्याच्या दिशेने वळली आणि हळूहळू सरळ वर उभी राहिली. गोळा गेला तशी खाली आली.

बाबा इतका वेळ दारात बसून ओठांकडे बघत होते. साचेखात्यात ऐकू येत नसल्यामुळे तिथली माणसं ओठ वाचतात. ते पहिल्यांदाच बोलले. "पिशवी कसल्या कापडाची?" आणि अंगठा-तर्जनी एकमेकांवर घासून दाखवली, जाड की पातळ.

"जाड, बाबा. कॅनव्हाससारखं."

"पावसान भिजलेला?"

"चिंब."

बाबांनी मान हलवली आणि रस्त्याकडे बघत बसले. मला हसू आलं. पोरगा आभाळातलं सांगतोय आणि ह्यांचं लक्ष कापडात.

आता माझी अक्कल ऐका. मी लहान असताना बाबांच्या खात्यात एक भांडण झालं होतं. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, डोकं फुटून पडला आणि बाबांच्या साच्यावरच्या जोडीदारावर आळ आला. मिलने चौकशी बसवली. बाबा धरून सात साक्षीदार एकेकटे आत गेले आणि सातही जणांनी अक्षरशः एकच जबाब दिला. "खाली तेल सांडलं होतं, जॉबर स्वतः पाय घसरून पडले, आम्ही त्यांना उचलून बसवलं." बाबा दाढी करताना हे वाक्य पाठ करायचे आणि मी परवचा म्हणावा तसं त्यांच्यामागून म्हणायचे. चौकशी अधिकाऱ्याने उलटसुलट विचारलं, एकही फुटला नाही. जोडीदाराची नोकरी वाचली. आमच्या चाळीत हा किस्सा लढाई जिंकल्यासारखा सांगितला जायचा. त्यावरून मी शिकले ते एवढंच: चौकशी म्हटली की जबाब एक, शब्द एक, आणि एकदा दिला की बदलायचा नाही.

मग काय, ती बावीस वर्षांची बाई कामाला लागली. नारिंगी आणि पांढऱ्याची मी तडजोड केली, "पांढरट नारिंगी". वेळ "सहा मिनिटे". विडी काढली. पिशवीही काढली. एवढ्या मोठ्या साहेबांपुढे भिजलेल्या पिशवीची गोष्ट काय न्यायची, मला ते पोरकट वाटलं. त्याऐवजी मी "सदरहू तेजोगोल" असा शब्द घातला आणि स्वतःवरच खूश झाले. दोन दिवस दोघांना समोर बसवून पाठ करून घेतलं. आई करंज्या भरत होती. म्हणाली, "ह्यांना तेजोगोल पाठ झाला, आरतीचं दुसरं कडवं मात्र दरवर्षी पुटपुटायचं."

"ताई, मी असं बोलत नाही," पहारेकरी म्हणाला. "सदरहू म्हणताना माझी जीभ अडते."

"अडू दे," मी म्हणाले. "पण शब्द बदलायचा नाही."

मी स्वतःच्या हाताने दोन प्रती लिहिल्या. त्यांनी हिंदीत उतरवून घेतल्या, तेही माझ्या देखरेखीखाली. माझं हिंदी सिनेमातलं, पण आत्मविश्वास भरपूर.

गणपती गेले, दोघे परतले. आठवड्याने धाकट्याचं अंतर्देशीय पत्र आलं. टॉवरबद्दल त्यात एक ओळ होती, फक्त एक. साहेबांनी दोन्ही जबाब टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एकावर बोट ठेवून वाचत गेले आणि दुसऱ्यावर दुसरं बोट. दोन्ही बोटं शेवटपर्यंत बरोबर चालली. शेजारी सार्जंटचा जबाब. त्याचा अख्खा जबाब एवढाच: गोला देखा, आवाज़ नहीं, थैली खड़ी हो गई, चला गया. साहेबांनी विचारलं, टॉवरवरून आणि कुंपणावरून दोघांना एकसारखं कसं दिसलं, आणि सार्जंटला दिसलेली थैली तुम्हाला कशी दिसली नाही? तुम्ही तिथे होतात तरी का? पुढच्या सोमवारी वरचे साहेब येऊन तिघांना वेगवेगळं विचारणार होते. तोवर धाकट्याला टॉवर बंद, स्टोअरमध्ये चादरी मोजायला बसवलं होतं. खाली लिहिलं होतं: "ताई, आता काय बोलू? लगेच कळव."

 मी लगेच पेन उचललं. "घाबरू नकोस. जबाब बदललास तर खोटा ठरशील. दिलेल्या शब्दावर ठाम राहा. पिशवीबद्दल विचारलं तर लक्ष नव्हतं म्हण." लिहून झाल्यावर मी ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, शाबासकी मिळेल म्हणून. चौकशीच्या लढाईतला जुना सैनिक समोर बसलेला.

बाबांनी उघड्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "दार लाव."

आमच्या खोलीचं दार दिवसा लावल्याचं मला आठवत नव्हतं. मी लावलं.

"तो जॉबर पडलो तेव्हा आम्ही सातव जण भायर च्या पियत होतो," बाबा म्हणाले. ते हळू बोलत होते, आणि ते हळू बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. "कोणीच काय बघूक नाय. म्हणान तर पाठ केला गो. ह्या पोरांनी बघल्यानी हा. त्यांका पाठ कित्याक करूक लावलंस?"

"म्हणजे तेल सांडलं नव्हतं?"

"तेल कसला सांडता? ह्यानच मारल्यान त्याका. मारण्यासारखो होतो तो, ता वेगळा." ह्यान म्हणजे जोडीदाराने. दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येऊन मला काका म्हणायला लावणाऱ्या माणसाने.

 पंधरा वर्षं जे वाक्य मी खरं म्हणून पाठ केलं होतं, ज्याच्या जोरावर वकिली चालवत होते, ते सात चहा पिणाऱ्या माणसांनी बसून रचलं होतं. आणि ज्यांनी खरोखर डोळ्यांनी काही पाहिलं होतं, त्या दोघांचं खरं मी खोट्याच्या मापात शिवून टाकलं होतं.

"मला आधी नाही का सांगायचं?" मी म्हणाले. रागावले होते, पण कोणावर ते धड कळत नव्हतं.

"तुका सांगतलंय असतंय तर तू अर्जात लिवलं असतंस," बाबा म्हणाले. मग पत्राकडे बोट दाखवून, "ता फाड. आणि त्याका लिव, पिशयेचा आधी सांग. कापड भिजलेला, जड. ता वर उभा रवला, ह्या कोणाक सुचाचा नाय. बघल्याशिवाय तोंडात येवचा नाय."

मी नवीन पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा मजकूर. "जसं दिसलं तसं सांग. तुझा रंग तुझा, त्याचा रंग त्याचा. पिशवी आधी सांग. विडीचं त्याचं तो बघेल. लिहिण्यातली चूक माझी होती असं साहेबांना सांगितलंस तरी चालेल." शेवटचं वाक्य लिहायला मला बाकीच्या सगळ्याहून जास्त वेळ लागला, हे कबूल करते. सोमवारच्या आत पोचावं म्हणून पोस्टात पेटी उघडेपर्यंत उभी राहिले आणि पत्र पोस्टमनच्या हातात दिलं.

मंगळवारी दुपारी खालच्या वाण्याकडे फोन आला. वाण्याने खालून माझ्या नावाने हाक मारली आणि अर्धी चाळ माझ्या मागून जिना उतरली.

"टॉवरवर आहे," धाकटा म्हणाला.

मला पुढचं ऐकूच आलं नाही, मी त्याला सगळं परत सांगायला लावलं. वरच्या साहेबांनी तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं होतं. धाकटा नारिंगी म्हणाला, पहारेकरी पांढरा, सार्जंट म्हणाला रंगाचं मला काही कळत नाही. पहारेकऱ्याने विडीही कबूल केली आणि तीन दिवसांची जादा ड्युटी पदरात पाडून घेतली. पण पिशवी तिघांनी सांगितली, या दोघांनी तर कोणी विचारायच्या आधी. धाकट्याने वरून पाहिली होती, त्याला तिचं उघडं तोंड दिसलं होतं. पहारेकऱ्याने खालून, खांबाजवळच्या कुंपणापाशी उभं राहून, त्याला तिच्यातून गळणारं पाणी दिसलं. पाणी खाली पडत होतं आणि पिशवी वर जात होती, असं तो म्हणाला. साहेबांनी हे लिहून घेतलं आणि फाईलवर शेरा मारला की तिघेही तिथे हजर होते, दिसलेल्या वस्तूचं कारण समजत नाही.

"आणि लेखी जबाबात पिशवी का नाही, ते नाही विचारलं?"

"विचारलं ना. सांगितलं, ताईने काढली."

"मग?"

"साहेब म्हणाले, बहिणीला सांग, यापुढे तुला प्रेमपत्र लिहायचं असेल तर ते तरी तुझं तुला लिहू दे."

वाणी, अर्धी चाळ आणि मी, सगळ्यांनी ते ऐकलं, कारण त्या फोनवर बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांनाच जास्त ऐकू यायचं. मी अर्ज लिहिणं सोडलं नाही. पण तेव्हापासून कोणी आलं की आधी विचारायचे, तुम्ही कसं सांगाल ते सांगा, आणि ते तसंच लिहायचे. चार्जशीटची उत्तरं त्यामुळे जरा वेडीवाकडी व्हायची, पण माणूस ओळखू यायचा.

संप संपलाच नाही, विरून गेला. बाबा साच्यावर परत गेले नाहीत. पुढे दरवर्षी गणपतीला धाकटा घरी यायचा, पहारेकरी गावी जाताना आमच्याकडे थांबायचा, आणि बाबा दोघांना समोर बसवून एकच प्रश्न विचारायचे. गोळ्यात त्यांना शेवटपर्यंत काही रस नव्हता.

"पिशवी खाली कशी आली? हळूहळू, की धपकन?"

"हळूहळू, बाबा. कोणीतरी हाताने सोडल्यासारखी."

"छे. धपकन. माझ्या अंगावर पाणी उडालं."

बाबा दोघांच्या ओठांकडे बघायचे, समाधानाने मान हलवायचे आणि मला म्हणायचे, "बघलंस?"