विजेच्या चुलीतला केक

माझ्या नणंदेच्या लग्नाआधी कित्येक महिने आमच्या घरात सगळे गुळाचा चहा पीत होते. साखर रेशनची, ती सगळी एका बरणीत साठत होती, कारण नणंदेला लग्नात केक हवा होता. नगरातल्या आम्हा ख्रिस्ती मंडळींपैकी कुणी केकशिवाय लग्न केलं असतं तर त्याला कुणी तुरुंगात टाकलं नसतं, पण पोरीने आजवर तोंडाने मागितलेली ही एकच गोष्ट. आणि तो केक मी भाजणार, घरीच भाजणार, असं मी गावभर सांगून बसले होते!

घरी म्हणजे विजेच्या भट्टीत. लढाई संपली, लष्करी कॅम्पातले साहेब लोक गाशा गुंडाळायला लागले, आणि त्यांच्या सामानाच्या लिलावातून आमच्या ह्यांनी ती टेबलावर मावणारी पत्र्याची भट्टी उचलून आणली. हे शाळेत विज्ञान शिकवायचे, मी मराठी. भट्टी आली तशी मी हरखूनच गेले. नुसतं बटण दाबायचं, की वरची आणि खालची तार लालबुंद! सासूबाई पारनेरकडच्या. त्यांनी लांबूनच पाहिलं. "जाळ न्हाई, धूर न्हाई. ह्याला काय चूल म्हनायचं व्हय?" असं म्हणाल्या, आणि त्या खोलीत पाऊल टाकायचंच त्यांनी सोडलं. मला भारी राग यायचा. माझी एवढी लाडकी वस्तू आणि सासूबाईंचं हे नाक मुरडणं!

लग्नाच्या आदल्या दिवशी मी सकाळीच चर्चमध्ये फुलं बांधून आले, पदर खोचला आणि कामाला लागले. बरणीतली सगळी साखर, लोणी, अंडी, भिजवलेले मनुके. ह्यांनी हात दुखेपर्यंत अंडी फेटली. पीठ मिसळून डबा भरला. नणंद शेजारी उभी राहून पातेलं बोटाने पुसून चाटत होती. भट्टी मी आधीच तापत ठेवली होती. दार उघडून आत हात धरला, तर भट्टी थंडगार!

असं पीठ जरा ठेवलं की बसतं, आणि बसलेल्या पिठाचा केक होत नाही, वीट होते. गावातल्या बेकरीची भट्टी सकाळीच विझलेली, ती आता पहाटेशिवाय पेटणार नव्हती. दुसरी साखर कुठून आणणार? पिठाने माखलेलं बोट तसंच धरून नणंद डब्याकडे बघत राहिली. मला ते बघवेना.

"वीज गेली असेल," हे म्हणाले. मी टेबलावरचा दिवा त्याच प्लगात लावून पाहिला. झक्क पेटला. मग भट्टीची वायर तुटली असेल. आमच्या इस्त्रीची वायर तिला बसायची, ती लावली. भट्टी ढिम्म! म्हणजे दुखणं पोटातच होतं. आता मला चेव आला. प्लग उपसून बाजूला टाकला आणि स्क्रूड्रायव्हर घेतला.

"अगं, जरा विचार करू," हे म्हणाले.

"विचार तुम्ही करा, स्क्रू मी काढते."

वरची तार अखंड होती. खालची तार जाळीच्या पत्र्याखाली असायची. दोन्ही एकापुढे एक जोडलेल्या, त्यामुळे एक तुटली की दुसरीही गप्प. पत्रा उचलला आणि मी बघतच राहिले. तार दिसतच नव्हती! अख्खा तळ पांढऱ्या मातीने सारवलेला, गुळगुळीत, वाळून कडक झालेला. आणि मधोमध बोटाने काढलेला एक छोटा क्रूस.

आमच्या घरात रोज सकाळी चुलीवर पांढऱ्या मातीचं पोतेरं फिरवणारं माणूस एकच होतं. माझं डोकं सणकलं.

"आई!"

सासूबाई आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"ह्यात माती तुम्ही घातलीत?"

"व्हय, पोतेरं दिलं. आज माज्या लेकीच्या लग्नाचं भाजनार हुतीस. नवी चूल, पोतेऱ्याबिगर कशी पेटवायची? तू चर्चला गेल्तीस तवा उरकून घेतलं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज एकदम उतरला. "काय मोडलं का गं?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. जिला त्या चूल म्हणायला तयार नव्हत्या, तिला लेकीसाठी गुपचूप चुलीचा मान देऊन गेल्या होत्या. मला रडूच येत होतं, पण रडायला सवड कुणाला होती?

"मोडलं असेल तर जोडू," मी म्हणाले. "आधी ही माती निघाली पाहिजे. तुमच्याइतका हलका हात कुणाचा नाही. या आत."

त्या आल्या. केसांतला आकडा काढून त्याने हळूहळू माती टोकरू लागल्या, मी फुंकर मारून झाडत होते. क्रूसापाशी त्यांचा हात थबकला. "देवा, माफी कर," असं पुटपुटून त्यांनी तोही खरवडला, आणि नेमकी त्याच्याखाली, पोतेरं देताना फडक्यात अडकून तुटलेली तार!

"सापडली!" मी एवढ्या जोराने ओरडले की नणंद दचकली.

"कथलाचा डाग देऊन आणतो," म्हणत हे उठले आणि दारातूनच परतले. "छे, तापल्यावर डाग वितळेल." मग त्यांनाच आठवलं, की फुटक्या दिव्याच्या होल्डरमध्ये पितळेची छोटी नळी आणि स्क्रू असतो. धावत जाऊन त्यांनी तो काढून आणला. तारेची दोन्ही टोकं मी नळीत घातली आणि स्क्रू घट्ट आवळला. पत्रा बसवला, सगळ्यांना मागे सारलं आणि प्लग लावला.

आधी काहीच नाही. सासूबाईंनी लेकीचा हात घट्ट धरला. मग तार मळकट तांबडी झाली, मग लाल, मग लालबुंद!

"पेटली! चूल पेटली!" आमच्यात सगळ्यांत मोठ्याने सासूबाईच ओरडल्या.

केक फुगला. एका बाजूने जरा कलला, मनुके तळाला गेले, आणि खोबणीत राहिलेली माती तापून तिचा किंचित वास केकला लागला. लोक काय म्हणतील म्हणून मी धास्तावले होते, पण लग्नात तो बघता बघता संपला.

नणंदेचं सासर कर्जतचं. निघायच्या वेळी बघते तर ती आपल्या वाटचा तुकडा रुमालात बांधत होती.

"खाल्ला नाहीस?" मी विचारलं.

तिने रुमाल नाकाशी नेला. "वहिनी, ह्याला आपल्या चुलीचा वास येतोय. तिकडे गेल्यावर खाईन."

सकाळपासून डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या सासूबाई ते ऐकून माझ्या गळ्यात पडून रडल्या.