मैनेच्या नावाचं बक्षीस मी देणार नाही

या, जवळ येऊन बसा. आणि तो फोन आधी खाली ठेवा. मैना गेली त्या दिवशी तिच्या शेवटच्या शर्यतीचा व्हिडिओ गाणं लावून फिरवलात ना सगळ्यांनी? त्यात तिचा पाय बघितलात का कुणी? नाही बघितलात. आता जत्रेत तिच्या नावानं शर्यत ठेवलीय, आणि बक्षीस माझ्या हातनं द्यायचंय म्हणे. मी नाही म्हटलं, तर म्हातारी हेकट आहे म्हणून गावभर झालं. म्हणून बाहेरगावच्या तुम्हा सगळ्यांना हे लिहायला बसले.

मैना आमची घोडी. माझा भाचा सागर तिला घेऊन आला तेव्हा शिंगरूच होती, नुसत्या फासळ्या. मीच भिजवलेले हरभरे चारून तिला बाळसं आणलं. घोडागाडीला जुंपली आणि पहिल्याच मैदानात जी सुटली, की शेजारनं शिट्ट्या मारत पळणाऱ्या मोटारसायकली मागं पडल्या. मग काय, शिरोळपासून कागलपर्यंत जत्रा म्हटली की आधी मैनेची चौकशी. जिंकून आली की दारात गुलाल आणि हलगी. हलगीवर ती नाचायची हो... मान वाकवून, पुढचे पाय उचलून, अगदी ठेक्यात. कुणी शिकवलं नव्हतं. शर्यतीचं ज्यांना काही कळत नाही अशा बायकासुद्धा तेवढ्यासाठी उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या.

यंदा तिचा पुढचा पाय सुजला. डॉक्टर म्हणाले, पळवायची नाही, बांधून ठेवा. सागरनं ऐकलंही. तोवर गल्लीतल्या मंडळाची पोरं तिला शर्यतीला न्यायला आली.

"आत्ती, समदी हिलाच बघायला येणार हाईत. न्हाय कसं म्हणायचं?"

"लंगडतीय रं ती. तुझ्या पायात काटा मोडला तर गल्ली डोक्यावर घेतोस की!"

"थांबा, बघूया तरी," म्हणत एकानं दारातच हलगी धरली. ठेका कानावर पडला आणि ती नाचली... त्या सुजलेल्या पायावर.

"बघा, कुठं लंगडतीय? उगंच घोर लावून घेताय."

सागरही हसला. मी म्हटलं, "अरं, हलगी ऐकली की तिला दुखणं कळत न्हाय. तुमास्नी तर कळतंय न्हवं?" तोवर तिला टेम्पोत चढवलीसुद्धा.

जिंकली ती. रेघ ओलांडली आणि पाय मोडला. पुढं ती पडलीय आणि मागं गुलाल उडतोय, हलगी चाललीय. सागर सांगतो, पडल्या जागीही तिचे कान तिकडंच होते... डॉक्टर आले ते सुई देऊन तिला सोडवायलाच.

आता चौकात फ्लेक्स लागलाय. मधोमध मैना, भोवतीनं गॉगल लावलेली मंडळाची तोंडं, आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. परवा तीच तोंडं नारळ घेऊन दारात.

"आत्ती, तिला तुमीच वाढवली. मान तुमचा."

"मान तुमालाच ऱ्हाऊ दे, पावणं."

माझ्या मांडीवर वाढलेली पोरं ती, त्यांना पावणं म्हटलं. झोंबलं. झोंबू दे. सागर खाली मान घालून उभा होता.

शर्यत व्हायची ती होईल, मला कोण विचारतंय. पण माझा हात त्याला लागणार नाही. त्या दिवशी मी घरी असेन. गोठ्यात वैरणीची वाट बघत तिनं पायानं उकरून उकरून खळगा पाडलाय. सागर तिथं फरशी घालायची म्हणतो, मी अजून घालू दिलेली नाही. झाडताना तेवढी जागा सोडून झाडते. जत्रेला आलात तर मैदानाकडं वळू नका, इकडं या, चहा टाकते. नाहीतर जत्रेची तरी वाट कशाला बघता... लवकर या.