श्वेमूंचं जेवण काही उरकेना

ताइनानच्या मासळीबाजारामागं युएश्याबाईंची पेजेची टपरी आहे. पहाटे पाचला चूल पेटते, अकराला पातेलं रिकामं होतं, आणि या सहा तासांत बाईंच्या तोंडाला विश्रांती नसते. गिऱ्हाईक बसलं की, "काय रे, बायकोनं हाकललं का आज?" वाडगा रिकामा झाला की, "चाटूनपुसून ठेवलास, घासायचा त्रास वाचवलास!" पण उठून निघालेल्या प्रत्येकाला, मग तो पोलीस असो की उधारीवाला, त्या न चुकता म्हणतात, "सावकाश जा हो."

त्यांचे यजमान श्वेमू म्हणजे अगदी उलटं प्रकरण. बोलणं मोजकं आणि जेवण, अबब! माशाचा एकेक काटा काढून वाडग्याच्या काठावर ओळीनं मांडायचा, मग पुढचा घास. चाळीस वर्षं रोज दुपारी एकच प्रसंग. युएश्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत, "अहो, उठा आता! भांडी काय उद्या घासू?" तेव्हा कुठं स्वारी हसत हसत उठायची. दोन वर्षांपूर्वी मासे साफ करता करता ते स्टुलावरून कलले आणि संपलं. "जन्मात तेवढं एकच काम झटपट केलं त्यांनी," असं बाई शेजारणींना सांगायच्या, आणि मग पेजेत मिरी जास्त झाली म्हणत नाक शिंकरायच्या.

आता, तिकडची रीत अशी, की पितरांना पान वाढलं, उदबत्ती अर्धी जळली, की देव्हाऱ्यापुढं दोन नाणी टाकून विचारायचं, जेवण झालं का? एक छापा, एक काटा पडला तर झालं. मग कागदी नोटा जाळायच्या, त्या घेऊन पितर आपल्या वाटेला लागतात आणि घरची मंडळी पानावर बसतात. दोन्ही नाणी सारखी पडली, तर अजून चाललंय, थांबा. श्वेमू गेल्यापासून दर सणाला, दर श्राद्धाला या घरी थांबणंच नशिबी आलं. नाणी युएश्याबाई टाकायच्या, लगेच त्यावर पंजा ठेवायच्या, वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून जेवताहेत."

"वहिनी, दादाला म्हणावं काटे नंतर मोज," त्यांचे दीर श्वेशेंग पोट दाबत म्हणायचे. "मी पण लवकरच पितर होणार आहे इथं!"

शेवटी बाईच म्हणायच्या, "बसा तुम्ही जेवायला. त्यांचं सावकाश होऊ दे. नोटा मी संध्याकाळी जाळीन."

हे झालं घरातलं. श्वेशेंगची मुलगी पेइरु हिनं ताइपेइमधली चांगली नोकरी सोडून टपरीच्या माळ्यावर संगणक मांडला होता आणि दोन मैत्रिणींबरोबर भुताचा गेम बनवायला घेतला होता. "नवरा नाही, नोकरी नाही, आणि म्हणे भूत आहे!" काकूंनी सगळ्या बाजाराला सांगून टाकलं. पण गेममधल्या विधवेच्या आवाजासाठी आणलेल्या मुली सर्दी झालेल्या मांजरींसारख्या ओरडत होत्या. तेव्हा पेइरु खाली येऊन म्हणाली, "काकू, तुमच्याइतकं मोठ्यानं या शहरात कुणी ओरडत नाही."

स्तुती ऐकून बाई लगेच तयार झाल्या. आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या होत्या, त्यात बाईंना उभं केलं. किंकाळ्या तर अशा निघाल्या की खालून मासेवाला काठी घेऊन धावत आला. रडणं झालं, खिदळणं झालं, शाप देऊन झाले. मधेच खरंखुरं झुरळ निघालं, तेव्हाची किंकाळी तर मैत्रिणींनी डोक्यावर घेतली.

मग गेमच्या शेवटाची पाळी आली. गोष्ट अशी होती की एक विधवा नवऱ्याला पान वाढते. त्या गावात एक गोष्ट सक्त मना असते: नाणी 'झालं' म्हणाली की वाडग्यात पुन्हा वाढायचं नाही. ही बाई खोटं बोलते आणि वाढते. मेलेल्याला उठता येत नाही, भिंतींना बुरशी धरते, घर सडत जातं. सुटका एकाच वाक्यानं. तिनं म्हणायचं, "झालं तुमचं. उठा आता."

बाईंनी ते वाक्य चौदा वेळा म्हटलं आणि चौदाही वेळा घशात अडकलं. आधी दोष गोधड्यांच्या धुळीला दिला, मग वाक्याला. "असं कुणी बोलतं का? खोटं वाटतंय." मग त्यांनी गोधडी बाजूला सारून डोकं बाहेर काढलं. "हे तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी नाही," पेइरु म्हणाली. "गेल्या श्राद्धाला मी तुमच्या शेजारीच होते. तुम्ही हात ठेवायच्या आधी मला दिसलं. एक छापा, एक काटा. आणि जिन्याखाली नोटांचे गठ्ठे आहेत ना, एकही जाळलेला नाही."

"म्हणजे माझ्यावर गेम केलास? मेले! आणि वर त्या बाईला एवढी जाडी दाखवलीस!"

बाई तरातरा खाली गेल्या. आठ दिवस टपरीवर कुणाला एक टोमणा मिळाला नाही. गिऱ्हाइकांना वाटलं, बाई आजारी आहेत. नवव्या दिवशी पेइरुच पातेलं घासायला जाऊन बसली, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "'झालं' म्हटलं की जातात ना ते. मला घाबरायला होतं गं. जेवत असले की निदान घरात असतात."

"काकू, दोन वर्षं एकाच पानावर बसलेत ते. पाय नसतील का आखडले?"

बाईंच्या हातातला काथ्या थांबला.

दोनच दिवसांनी श्वेमूंचं श्राद्ध होतं. पेज, तळलेला मासा, खिम्याचा भात, सगळं मांडलं. युएश्याबाईंनी नवे कपडे घातले नव्हते, पण केस नीट विंचरले होते, आणि नाणी टाकून त्यांनी सगळ्यांना दिसेल असे हात मागं घेतले. छापा, छापा. पुन्हा टाकली. काटा, काटा. सहा वेळा झालं, आठ वेळा झालं. नाणी काही 'हो' म्हणेनात. आज पहिल्यांदाच बाई खरं बोलायला निघाल्या होत्या आणि आजच!

"रुसलेत," त्या पांढऱ्या पडून म्हणाल्या. "मी फसवलं म्हणून रुसलेत."

पानात काही वाढायचं राहिलं का ते सगळ्यांनी बघितलं. जेवायच्या काड्या होत्या, आलं होतं, दात कोरायची काडीसुद्धा होती. बाईंनी पुन्हा हात जोडले, "झालं का हो? अगदी सावकाश होऊ द्या, घाई नाही."

"काकू," पेइरुला हसू आवरेना, डोळ्यांत मात्र पाणी, "तुम्ही इतक्या गोड कधीपासून बोलायला लागलात? काकांनी ओळखायचं कसं तुम्हाला?"

बाईंनी तिच्याकडं बघितलं, मग फोटोकडं. कमरेवर हात गेले. आणि दोन वर्षं घशात अडकलेलं सगळं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं, "अहो, झालं तुमचं! उठा आता! भांडी काय उद्या घासू?"

नाणी टाकली. एक छापा, एक काटा.

सवयीनं त्यांचा पंजा पुढं गेला. नाण्यांना टेकायच्या आत त्यांनी तो मागं घेतला. "झालं," त्या म्हणाल्या. "जेवले."

श्वेशेंग पानाकडं धावले नाहीत, हे नमूद करायलाच हवं. त्यांनी आधी गठ्ठे बाहेर काढले. दोन वर्षांच्या नोटा एकदम पेटल्या तेव्हा समोरची म्हातारी खिडकीतून ओरडली, "अगं, नवऱ्याला पाठवतेयस की बाजार जाळतेयस?" बाईंनी तिलाही दोन शब्द सुनावले. राख गार होईपर्यंत त्या तिथंच स्टुलावर बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी टपरी बंद करून त्या आपणहून कपाटात जाऊन उभ्या राहिल्या. वाक्य एका दमात झालं. पेइरु यंत्र बंद करणार, तेवढ्यात गोधड्यांतून कागदावर नसलेलं वाक्य आलं, अगदी हलक्या आवाजात.

"सावकाश जा हो."

पेइरुचं बोट बटणावरच राहिलं. कपाटाचं दार उघडलं, बाईंनी तोंड पुसलं आणि त्या भांडी घासायला खाली गेल्या.