पायांपासून वर

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, एकच फोटो होता. ते गेल्यावर कागदावरचा तो फोटो वाळवीने खाल्ला आणि उरली ती फक्त मी कॉम्प्युटर क्लासला असताना स्कॅन करून ठेवलेली बिटमॅप या जुन्या प्रकारातली फाइल. आईच्या मोबाइलवर ती काही केल्या उघडेना. "गेला का गं तोही?" आईने विचारलं.

शेवटी घरातला जुना कॉम्प्युटर सुरू करून त्यावर ती फाइल उघडली. आई खुर्ची ओढून शेजारी बसली. पडदा बराच वेळ कोराच राहिला. मग अगदी खालच्या कडेला आप्पांच्या चपला दिसल्या आणि चित्र एकेक ओळ वर चढू लागलं. धोतराचा काठ आला, सदऱ्याचा खिसा आला, मग हनुवटी.

"बरोबर आहे," आई म्हणाली. "देवळात नाही का, आधी पाय बघायचे आणि मग तोंडाकडं."

बिटमॅपमध्ये चित्राची सगळ्यात खालची ओळ आधी साठवलेली असते, म्हणून ही फाइल खालून वर उलगडते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण ते सांगावंसं वाटलं नाही. स्वतः शाळेची पायरी न चढता ज्यांनी मला पदवीपर्यंत पोचवलं, त्यांच्याकडे असंच बघायला हवं होतं. शेवटी डोळे आले.

मग मी फोटो जेपेग या मोबाइलवर चालणाऱ्या प्रकारात बदलून आईच्या मोबाइलवर पाठवला. तिथे तो क्षणात अख्खा उघडला. आईने तो बोटांनी मोठा केला, चपलांपर्यंत सरकवला आणि तिथून सावकाश वर यायला लागली.